उजवी चप्पल

ट्रंक उघडली आणि शारदा मागे सरकली. आत नुसत्या चपला होत्या. मी त्या जमिनीवर ओतल्या. सोळा जोड निघाले. चौदा झिजलेले, दोन कोरे.

"बाबा, एस्टीच्या टपावर आदीच चार बोजे जाऊन राह्यले," ती म्हणाली. "आईच्या चपला जळगावले नेऊन काय करता? देऊन टाका कोनाले."

चांगुणाला जाऊन चार महिने झाले होते. ती दवाखान्यात दाई होती. सारं खामगाव पायी हिंडायची. मी तेलाच्या मिलमध्ये फिटर. आता नोकरी संपली होती, खोली सोडायची होती आणि लेकीकडे जळगाव जामोदला राहायला जायचं होतं.

कोरे दोन जोड माझे. एक मी दिवाळीला आणला होता, एक शारदाच्या लग्नात. चावतात म्हणून चांगुणानं ठेवून दिले. झिजलेले सगळे पंजाबरावानं शिवलेले. तो बाजारात निंबाखाली बसतो. दसरा जवळ आला की ती त्याच्याकडे जायची आणि तासाभरानं हसत परत यायची. चपलेला एवढा वेळ कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. तो लई बोलतो, म्हणाली. माझ्याशी ती मिठामिरचीचं बोलायची. हे माझ्या मनात वीस वर्षं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

मी सगळ्या चपला धोतराच्या फडक्यात बांधल्या आणि निंबाखाली नेऊन टाकल्या. तुझा माल तूच ठेव, एवढंच म्हणायचं होतं.

पंजाबरावानं गाठ सोडली. माझा कोरा जोड उचलून तळ पाहिला.

"हे तुमी आनली असन, मिस्त्री."

"कशावरून?"

"दोन्ही सारख्या हायेत."

मग त्यानं आपला एक झिजका जोड घेतला आणि तळाला तळ लावून माझ्यापुढे धरला. उजवी चप्पल बोटभर मोठी होती. मी दुसरा जोड पाहिला, तिसरा पाहिला. चौदाही तसेच.

तिला पाहायला गेलो होतो तेव्हा मुलीला चालून दाखवा असं माझी आत्या म्हणाली होती. तिच्या आईनं काहीतरी सांगून तिला पाटावरून उठू दिलं नाही. ते मला त्या निंबाखाली आठवलं. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून मी तिचे पाय पाहिले नव्हते.

"बाईनं शपथ घातली होती मले," पंजाबराव म्हणाला. "मिस्त्रीले सांगू नोका म्हने. त्याईले वाटन, आपल्याले फसवलं."

मला राग आला. माझ्यापासून लपवलं याचा नाही. त्याला सांगितलं याचा.

तो चपला जोडीनं लावत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "तेरवीले कोनती देल्ली?"

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री आणि चपला देतात. वाटेत पाय भाजू नयेत म्हणून. मी मुद्दाम दुकानात जाऊन चांगल्या घेतल्या होत्या.

"दुकानातली," मी म्हणालो.

त्यानं माझ्या कोऱ्या जोडाकडे पाहिलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

"एक जोड करून द्या," मी म्हणालो. "वर्षश्राद्धाले देतो."

"घेनाऱ्याच्या पायात बसाची नाई."

"बसू नये."

त्यानं पेटीतून एक घडी पडलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं दोन पाय काढलेले होते. तो त्यानं कातड्यावर पसरला. आमच्या घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता.

"जरा ढिली ठेवा," मी सांगितलं. "उन्हात चालून पाय सुजतात."

"हाव. मी ढिलीच ठेवतो दर साली."

वाऱ्यानं कागद उडत होता. पंजाबरावाच्या एका हातात कातडं होतं, दुसऱ्या हातात कातडं कापायची रापी. मी खाली बसलो आणि कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. माझ्या बोटांना लागू नये म्हणून तो रापी हळू फिरवत होता.