चाळीस सेकंदांचा रकाना

मी एक रकाना बोलतोय. वहीत पट्टीनं रेघा ओढून पाडतात तसाच, फक्त माझी वही कागदाची नाही. ती नगरला सावेडीत, एका संस्थेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि तिला डेटाबेस म्हणतात. तुम्ही मला कधी पाहणार नाही. माझ्यात पाहण्यासारखं काही नाहीही. पण माझ्यापायी एका मुलीचं वाटोळं झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी संस्थेचं सांगतो. पाथर्डीकडच्या गावांतून दिवाळी झाली की नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा एका जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. मागं राहणाऱ्या पोरांची शाळा बुडू नये म्हणून संस्थेनं तिकडच्या एका गावात वसतिगृह काढलं. पोरांच्या जेवणाची सोय झाली, शाळेची झाली, आईबापांच्या आवाजाची काही होईना. फडात रेंज असली तर पोरं शाळेत, पोरं मोकळी असली तर फडात रेंज नाही. मग संस्थेनं युक्ती काढली. आईबापांनी जमेल तेव्हा एका नंबरवर फोन करायचा, निरोप बोलून ठेवायचा, आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या रतनबाईंनी तो रविवारी ज्याच्या त्याच्या पोराला ऐकवायचा.

हे निरोप ठेवायला करणनं मला जन्माला घातलं. करण केडगावचा. आठवडाभर सुप्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि शनिवारी स्कूटरवरून संस्थेचं काम करायला यायचा, तेही फुकट. माणूस चांगला. चांगल्या माणसाच्या हातून झालेलं नुकसान फार जिव्हारी लागतं, कारण शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

माझ्या शेजारचे रकाने साधे होते. मुलाचं नाव, गाव, इयत्ता, जन्मतारीख. त्यांच्यात अक्षरं आणि आकडे. त्यांना क्रमानं लावता येतं, त्यांच्यात शोधता येतं. मी सगळ्यात शेवटचा, निरोप नावाचा. माझ्यात अक्षर नाही की आकडा नाही, नुसता कच्चा आवाज. त्यात कुणाला काही शोधता येत नाही, तो फक्त ऐकता येतो. कारखान्यातल्या मित्रांनी करणला सांगितलं होतं की आवाजाच्या फायली बाहेर, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि डेटाबेसात नुसता पत्ता लिहावा. पण पूर्वी एकदा कॉम्प्युटर साफ करताना पोरांच्या फोटोंची अशीच फाईल कुणीतरी कचरा समजून पुसली होती. तेव्हा करण म्हणाला, नाव आणि आवाज एकाच ओळीत राहू दे, ताटातूट नको. मला ते फार आवडलं होतं.

त्यानं माझं माप ठरवलं ते मात्र काही न मोजता. रकान्याला किती सामान मावणार, हे जन्मतःच सांगावं लागतं. करणनं हाताला येईल ते माप दिलं. माझ्या एका घरात, म्हणजे एका निरोपाच्या जागेत, पासष्ट हजार पाचशे पस्तीस बाइट मावतात. ऐकायला हा आकडा केवढा वाटतो. फोनवरच्या बोलण्यात त्याची जेमतेम चाळीस सेकंदं होतात.

त्यानं मला तपासलंही. स्वतःच फोन करून म्हणाला, हॅलो, करण बोलतोय, एक दोन तीन. ते सगळं नीट मावलं. करण खूश झाला, मीही झालो.

तरीसुद्धा मी वाचलो असतो, कारण आमचा डेटाबेस मुळात कडक होता. न मावणारं काही आलं तर तो सरळ परत पाठवायचा. पण वसतिगृहातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीखच कुणाला ठाऊक नव्हती. कुणी उसाच्या फडात जन्मलेलं, कुणी वाटेवर ट्रकमध्ये. करणनं तिथं शून्यं भरली. डेटाबेस म्हणाला, अशी तारीख नसते, मी घेणार नाही. पोरांची यादी अडून बसली. रतनबाईंचे फोनवर फोन यायला लागले. करण वैतागला आणि त्यानं तो कडकपणाच बंद करून टाकला, तशी सोय असते. त्या दिवसापासून डेटाबेस काहीही मुकाट्यानं घ्यायला लागला. जास्त आलं तर मावेल तेवढं ठेवायचं, उरलेलं टाकायचं, आणि कुठंतरी कोपऱ्यात एक इशारा लिहून ठेवायचा. तो इशारा आजतागायत कुणी वाचलेला नाही.

मग निरोप यायला लागले, आणि तिकडची माणसं कशी बोलतात ते मला कळलं. ती कामाचं आधी बोलतच नाहीत. आधी जेवलास का, मग थंडी, मग गावाकडची जनावरं, मग रतनबाईंना रामराम, मग शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, अमक्याचा तमक्याला निरोप. एकदम मुद्द्याला हात घालणं त्यांना माणूसघाणेपणाचं वाटतं. मनातलं असतं ते सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता येतं. आणि माझं पोट त्याच्या आधीच भरलेलं असायचं. पुढचं सगळं माझ्या दारातून परत जायचं. काय गेलं ते मलाही माहीत नसायचं.

आख्खा हिवाळा असा गेला. दर रविवारी पोरं अर्धेच निरोप ऐकत होती आणि कुणी तक्रार केली नाही. रतनबाई म्हणायच्या, रेंज गेली असंल. पोरांनाही ते पटायचं, त्यांच्या आयुष्यात फोन असाच तुटत आला होता.

आता जयाचं सांगतो. जया सातवीत होती. बाप कानिफनाथ, आई रंगुबाई, आणि आईबापांबरोबर फडात असलेला पाच वर्षांचा भाऊ रामहरी. आठवीपासून पुढं मुलींना नगरला ठेवून शिकवायची सोय संस्थेनं केली होती, पण त्यासाठी घरून होकार लागायचा. दिवाळीनंतर ट्रक निघताना जयानं बापाला विचारलं होतं, मी जाऊ का? कानिफनाथ म्हणाला होता, इचार करून फोनवर सांगतो. ती पोरगी तेव्हापासून रविवार मोजत होती.

जानेवारीच्या शेवटी तो निरोप आला. माझ्याकडं आहे तेवढा जसाच्या तसा सांगतो.

"जया, म्या बोलतोय. बरी हाईस ना? जेवलीस का? हिकडं थंडी लई हाय. तुझी आई बरी हाय. रामाला खोकला हुता, आता कमी हाय. गावाकडं आपली शेळी व्याली म्हनं, दोन करडं हायत, येक पांढरं हाय. रतनबाईला रामराम सांग. तर दिवाळीला तू जे इचारलं हुतं, त्येचा म्या लई इचार केला. तुझ्या आईलाबी अजून बोललो न्हाई. तर जया…"

इथं मी भरलो.

रविवारी जयानं तो ऐकला, आणि रतनबाईंनी त्याच दिवशी कानिफनाथला दोनदा फोन लावून पाहिला, लागला नाही. पुढच्या रविवारी परत येईल निरोप, असं त्यांनी जयाला समजावलं. शुक्रवारी उसानं भरलेली ट्रॉली कच्च्या वाटेवर कलंडली आणि कानिफनाथ तिच्याखाली सापडला. तो जागीच गेला.

मार्च लागला तेव्हा ते सगळे सावेडीला आले. रंगुबाई, जया, कानिफनाथचा धाकटा भाऊ मच्छिंद्र, आणि त्यांना घेऊन रतनबाई. एका शनिवारी करणच्या टेबलासमोर ती माणसं उभी राहिली आणि रतनबाईंनी सांगितलं की ह्या मुलीच्या बापाचा निरोप मध्येच तुटलाय, राहिलेला तेवढा काढून द्या.

प्रश्न सरळ होता. मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द त्यांच्यात कुणी मोडत नाही. तो जर हो म्हणून गेला असेल, तर जया नगरला शिकणार, चुलत्याचीही आडवं यायची हिंमत नव्हती. आणि तसं कळलं नाही, तर कोयत्याची मोडलेली जोडी पुरी करायला तिनं पुढच्या हंगामाला आईबरोबर फडात जायचं, असं मच्छिंद्रनं ठरवलं होतं. तो काही राक्षस नव्हता. वहिनी एकटी तोडणार किती, मोळ्या बांधणार किती, असं तो म्हणत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

करणनं माझं दार उघडलं. आधी त्यालाही वाटलं, रेंज गेली असेल. मग त्यानं सगळ्या निरोपांची मापं एकाखाली एक काढली. पासष्ट हजार पाचशे पस्तीस. पासष्ट हजार पाचशे पस्तीस. चारशेच्या वर निरोप आणि बहुतेकांपुढं तोच आकडा. रेंज कधी अशी बरोबर एकाच मापावर जात नाही. त्याला त्या क्षणी सगळं कळलं, आणि मला वाटलं मी त्याच्या डोळ्यांपुढून नाहीसं व्हावं.

तरी त्यानं धडपड केली. निरोप घेणाऱ्या फोन कंपनीला विचारलं. त्यांनी सांगितलं, आम्ही पंधरा दिवस ठेवतो, मग पुसतो. आणि हो, बॅकअप होता. रोज घेतला जायचा, अगदी नेमानं. माझ्या अर्धवटपणाची रोजची नक्कल, दुसरं काय होतं ते!

करणनं काही लपवलं नाही. चूक माझी आहे, तुमच्या माणसानं पूर्ण निरोप दिला होता, असं तो म्हणाला. रंगुबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं आहे तेवढा निरोप लावायला सांगितला. नवरा गेल्यावर त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. शेळी व्याल्याचं आलं तशी ती पदराआड गेली.

"असंच करायचे," ती म्हणाली. "आदी समद्यांची खुशाली, मंग कामाचं."

जयानं तो तीनदा लावायला लावला. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "आये, शेवटाला 'तर जया' म्हनताना आन्ना हसत हुते. नीट आयक. नको म्हनायचं आसतं तर हसले नसते."

मच्छिंद्र म्हणाला, हसू कसलं, दम लागला असेल. रंगुबाईनं पुन्हा ऐकलं. मीसुद्धा त्या शेवटच्या शब्दावर किती वेळा गेलो असेन. कधी वाटतं हसू आहे, कधी वाटतं थंडीनं लागलेली धाप आहे. माझ्याकडं जेवढं आहे त्यातून ते ठरत नाही.

रतनबाई करणला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, सांगून टाका ना, निरोप आला तेव्हा तुम्ही पूर्ण ऐकला होता म्हणून, एका पोरीचं भलं होईल. तेवढ्यात रंगुबाईनंच त्याला थेट विचारलं.

"दादा, तुमी सोता आयकला हुता का? मालक व्हय म्हनले का? तुमी म्हना, म्या इस्वास ठेवते."

करणनं जयाकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "नाही ताई. मी नाही ऐकला."

तो खरं बोलला. त्याच्या त्या खरेपणाचा मला आजही संताप येतो. हिवाळाभर माझ्याकडून इतकं अर्धं खरं गेलं होतं, तिथं एक पूर्ण खोटं बोलायला काय हरकत होती? पण मी रकाना. मला तोंड नाही.

रंगुबाईनं मान हलवली. "त्ये व्हय म्हनले आसते तर म्या मरंस्तवर शिकवली आसती," ती म्हणाली. "पन जे त्ये बोललेच न्हाईत, त्ये त्यांच्या तोंडी कसं घालू?"

जाताना जयानं फक्त विचारलं, हा निरोप इथंच राहील ना, पुसणार तर नाही ना. करण म्हणाला, राहील.

ती गेल्यावर करणनं मला मोठं केलं. त्याला एक ओळ लिहावी लागली आणि डोळ्याचं पातं लवायला लागावा तेवढा वेळ. आता कुणी महिनाभर अखंड बोललं तरी ते माझ्या एका घरात मावेल. जे जन्माच्या वेळी एका शब्दानं झालं असतं, ते एक माणूस गेल्यावर झालं. कडकपणाही त्यानं परत चालू केला. पोरांच्या जन्मतारखांच्या जागा आता कोऱ्या ठेवतात.

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे रकाने पाडत असाल तर एवढंच मागणं आहे. माप ठरवण्याआधी, ज्यांच्यासाठी ठरवायचं त्यांच्याजवळ जरा बसा. ती माणसं कशी बोलतात, मनातलं कधी बोलतात, ते ऐका. आणि न मावणारं काही आलं तर तुमच्या रकान्याला ओरडू द्या. गप्प बसणं फार वाईट. मी गप्प बसलो होतो.

ह्या दिवाळीनंतर नवा हंगाम लागला. रामहरी सहा वर्षांचा झाला, त्याला वसतिगृहात घातलं. रंगुबाई आणि जया, असा एक कोयता फडात गेला. परवा माझ्यात रामहरीच्या नावानं एक निरोप आला. आवाज ओळखीचा होता, जरा जाड झालेला. तिनं थंडीचं विचारलं नाही, जेवणाचं नाही, शेळीचं नाही.

"रामा, शाळा सोडू नको. कोन काय म्हनलं तरी सोडू नको. ठेवते."

सात सेकंदं. तेवढंच बोलून जयानं फोन ठेवला.