जाडे पोहे

उत्तर प्रदेशातल्या जेवरच्या बाजारात मराठी कानावर पडलं की त्या माणसाला चहाला घरी आणायचं, हा वैजयंतीबाईंचा शिरस्ता. त्यात त्यांची लेक लुंबिनी! वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची जीभ अशी सुटली होती, की बस्स.

म्हणून किराणा दुकानात एक दादा फोनवर "अगं, इथे जाडे पोहे मिळतच नाहीत" म्हणाला, तेव्हा ही टुणकन पुढे. "आमच्या घरी मिळतात ना! चला!"

दादाचं नाव हेरंब. विमानतळापाशी नवा कारखाना झालाय, त्यासाठी चाकणहून आलेला. वैजयंतीबाईंनी पोह्यांवर झणझणीत तर्री ओतली.

"पोह्यांवर रस्सा?" हेरंबचे डोळे मोठे झाले.

"नागपूरला या, म्हणजे कळेल पोहे कशाला म्हणतात ते!"

मग लुंबिनीने घर दाखवलं. गच्ची दाखवली. "भरउन्हाळ्यातही बोअरचं पाणी आटत नाही हं! खालच्या दोन खोल्याही रिकाम्याच आहेत." जणू घर तिच्याच बापाचं. हेरंबने फोटो काढले. कामगारांसाठी जागा शोधतोय म्हणाला. खालच्या खोल्यांसाठीच असतील, असं तिला वाटलं.

पंधरवड्याने घरमालक चौधरीजी मिठाईचा डबा घेऊन आले. "बिटिया, मुँह मीठा कर! कंपनीने पूरा मकान ले लिया, चौगुने किराये पर. तूने ही तो दिखाया था!"

लुंबिनीने हातातला लाडू डब्यात परत ठेवला.

ती उभी राहिली आणि बोलली. दहावीचं वर्ष, पप्पांचं इथलं पोस्ट ऑफिस, पाच वर्षांत भाड्याला एकदाही उशीर नाही. मुद्द्यामागून मुद्दा, स्पर्धेतसुद्धा इतकं छान जमलं नव्हतं. चौधरीजींनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वाह! वकील बनेगी. पर तू ही बता बेटी, चौगुना कौन छोड़ता है?"



पप्पांनी, समाधानरावांनी, सगळं गाव पालथं घातलं. प्रत्येक खोलीत कुठल्या ना कुठल्या कंपनीची माणसं. "पार खुर्जा शहरापर्यंत काही नाही," ते म्हणाले. शेवटी ठरलं, पप्पांनी पोस्टातल्या दोघांबरोबर एका खोलीत राहायचं. मायलेकींनी दिल्लीत मयूर विहारला, काकांकडे. शाळा? बोर्डाचं वर्ष, तिकडे कुणी घेईना. पहाटेच्या बसने यायचं, जमेल तितके दिवस.

महिनाअखेरीला हेरंब आला, मान खाली घालून. "काकू, मी नुसते फोटो पाठवले हो. कुठलं घर घ्यायचं, ते ऑफिस ठरवतं. मलाही खोली नाही, खाटच मिळणार आहे."

लुंबिनीला ओरडायचं होतं. पण कुणावर?

"बस. पोहे टाकते," आई म्हणाली.

"आई!"

"दारात आलेल्याला उभं ठेवू का?"

हेरंब बसला नाही. खाटांसाठी मापं घ्यायची होती. टेप हातात धरून तो लुंबिनीच्या खोलीत नुसताच घुटमळला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.

लुंबिनीने ते धरलं, भिंतीला टेकवलं. तिच्या टेबलाच्या जागी एक खाट बसत होती, आणि तिच्यावर आणखी एक.