उरीयाची बायको

पोस्टमास्तर जाऊन इतकी वर्षं झाली होती, की त्यांची सहीसुद्धा आता कुणी ओळखली नसती. पण त्यांची बायको मात्र अजून पोस्टमास्तरीणबाईच होती. मधल्या काळात तिनं घड्याळवाल्याशी रीतसर लग्न केलं होतं, याच चर्चमध्ये, याच लोकांसमोर, आणि लोक पोटभर जेवूनही गेले होते. फरक एवढाच पडला, की घड्याळवाल्याला आता 'पोस्टमास्तरीणबाईंचे मिस्टर' म्हणत. तो ते मनावर घेत नसे. घड्याळांसारखे लोकही मागे पडतात, याची त्याला धंद्यामुळे सवय होती.

बाई शिवणकाम करायची. चर्चच्या नव्या पडद्यावर येशूची वंशावळ भरायचं काम तिच्याकडे आलं. बाप, मुलगा, बाप, मुलगा. सुईला डोकं लागत नव्हतं. मध्येच बायकाही आल्या, तामार आली, राहाब आली, रूथ आली. दाविद राजापाशी मात्र सुई अडली. त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या, आईच्या जागी नुसतं 'उरीयाची बायको' लिहिलेलं होतं.

"हिचं लग्न तर दाविदाशी झालं होतं ना?" तिनं विचारलं.

"झालं की. आधी उरीयाला लढाईत पुढे पाठवून मारवलं, मग." घड्याळवाल्यानं डोळ्याचं भिंग काढलं नाही. पुढचा स्क्रू उचलत म्हणाला, "पोस्टमास्तर तापानं गेले हं. सगळ्यांना माहीत आहे."

"मी काही म्हटलं का?"

दुसऱ्या दिवशी ती पाळकांकडे गेली. तिथे कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, बसलेलेच होते.

"यादीत आहे तसंच भरा," हेडमास्तर म्हणाले. "पदरचं एक अक्षर आलं तर पडदा लागणार नाही."

"भरते, सर. पण बाकीच्या बायकांना नावं आहेत. हिलाच का नाही, तेवढं सांगा."

"राजाचं पाप लोकांनी विसरू नये म्हणून, असं म्हणतात," पाळक म्हणाले.

"पाप राजाचं आणि नाव गेलं हिचं? राजाचं नाव तर तुम्ही मला सोनेरी दोऱ्यात भरायला लावलंय."

पाळकांनाही आता राहवेना. त्यांनी बायबल उघडलं. त्यातल्या मागच्या एका पुस्तकात ती बथशेबा निघाली, दुसऱ्यात बथशूवा.

"बघा," हेडमास्तर म्हणाले, "एकतर नाव नाही, नाहीतर दोन दोन. म्हणून मी म्हणतो, भानगडीत पडू नका. हवं तर लूकच्या शुभवर्तमानातली दुसरी यादी घ्या. तिच्यात बायकाच नाहीत."

पाळकांनी लूक काढला. त्या यादीत दाविदानंतर शलमोन नव्हताच. वंश नाथान नावाच्या दुसऱ्याच मुलावरून उतरला होता. पाळकांचं बोट पुन्हा मागच्या, बथशूवा असलेल्या पुस्तकाकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"नाथानची आईही हीच," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे कुठल्याही वाटेनं या," बाई म्हणाली, "उंबरा हिचाच ओलांडायचा."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "बथशेबा भरा," ते शेवटी म्हणाले. "पण कंसात उरीयाची बायको राहू द्या. लोकांना ओळख पटायला हवी."

"कंस सुईला जमत नाहीत, सर," बाई म्हणाली. याहून अवघड गोष्टी तिच्या सुईला जमत होत्या.

पडदा लागला त्या रविवारी पाळकांनी तिला बाजूला घेतलं. "आभारात नाव घालायचंय. इतकी वर्षं झाली, पण मला तुमचं... म्हणजे, काय घालू?"

तिनं सांगितलं. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं आणि उपासनेच्या शेवटी मोठ्यानं वाचलं. ही कोण नवीन बाई आली म्हणून सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. एकटा घड्याळवाला समोर बघत राहिला. घरात तो तिला त्याच नावानं हाक मारायचा.

बाहेर पडताना हेडमास्तर जवळ आले. "छान नाव आहे हो. पोस्टमास्तरांनी ठेवलेलं?"

"नाही," ती म्हणाली. "आईनं."