मी टोचलेले चार कान

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, गोठ्यातला. वासरांच्या कानात नंबरचे पिवळे बिल्ले बसवणं हे माझं काम. लाल मुठी, आत एक टोकदार सुई आणि बोलणं एकच: खट्! परदेशातल्या वाखनिंगन या विद्यापीठाच्या गावाजवळचा शेतकरी हेंक माझा मालक. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या त्याच्या जातिवंत गाईंच्या चार पिढ्यांचे कान मी टोचले. काम झालं की हेंक मला धुऊन, पुसून, तेल देऊन म्हणे, "शाब्बास, गड्या!" मी फुगून जाई.

मित्रांनो, २०२०च्या एप्रिलमध्ये मात्र माझी परीक्षा झाली. हेंकला कोरोना झाला. तो माडीवरच्या खोलीत कोंडून बसला आणि त्याच सकाळी फ्लोरा आणि नेली या दोन गाई व्याल्या. दोघींना तांबूस कालवडी! तीन दिवसांत बिल्ले मारून कुणाची आई कोण हे गाईंची वंशावळ ठेवणाऱ्या संघटनेला कळवायचं होतं. बिल्ला मारताना कानाचा एक कण कुपीत पडतो. तो तपासून संघटना आई ताडून पाहते.

"नोंद चुकली तर दोघींनाही वंशावळीत जागा नाही," हेंक खिडकीतून ओरडला. "मग त्या खाटकाकडे जातील!"

खाली त्याची भाडेकरू सुमेधा उभी होती. ती विद्यापीठात टोमॅटोवर संशोधन करी. शेजारी तिची आई कुमुदिनी. त्या जुन्नरहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकल्या.

तिसऱ्या दिवशी सुमेधा मला घेऊन गोठ्यात गेली. पाहते तर काय! दोन्ही कालवडी फ्लोरालाच लुचत होत्या आणि नेली खुशाल रवंथ करत होती.

"आई, व्यायच्या वेळी तू होतीस ना? काही खूण?"

"केली की. नाळेला हळद लावली."

"कुणाच्या?"

"दोघींच्या! एकीला लावायची आणि दुसरीला तशीच सोडायची?"

"धन्य आहेस!" सुमेधाने कपाळावर हात मारला.

"थांब गं. फ्लोराला झाली ना, तिच्या कपाळावर दोन भोवरे होते. मी तेव्हाच म्हटलं, ही हट्टी निघणार."

सुमेधाने कालवडींच्या कपाळावरचे केस सारले. एकीला दोन भोवरे, दुसरीला एकच.

"नक्की ना? बिल्ला परत निघत नाही, आई."

"गुरांची कपाळं बघण्यात माझा जन्म गेला. तुझ्या हेंकभाऊंना सांग आणि दाब!"

सुमेधाने पहिला कान माझ्या जबड्यात धरला. मी मनात म्हटलं, दाब पोरी, अर्ध्यावर थांबू नकोस! खट्! खट्! खट्! खट्! इतका नेम धरून मी आयुष्यात कधी मिटलो नव्हतो.

पुढचे तीन आठवडे मी खिळ्यावर लटकून फाटकाकडे बघत होतो. एका दुपारी बरा झालेला हेंक संघटनेचा कागद फडकवत धावत आला. "जुळलं! दोघींचं जुळलं!" कुमुदिनीबाई दीड मीटर लांब राहून नाचल्या. हेंकने मला उचलून हवेतच खट् खट् वाजवलं!

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. माझ्यासारख्या जुन्या हत्यारांना ओलं टाकू नका, तेलाचा एक थेंब द्या. आणि आम्हाला हातात घेतलंत की मूठ दाबण्याआधी क्षणभर थांबा. माझं काम एका क्षणात होतं. वासराला ते जन्मभर कानात वागवावं लागतं.