आपोआप मिटणारं दार

गंगुबाईनं त्या सकाळी दारात वरवंटा लावला आणि भांडणाला तोंड फुटलं.

तसं बघाल तर दोष दाराचा. काळाचौकीतली आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात ज्याला त्याला जाडजूड, आगीला न भिणारं दार मिळालं. वर लोखंडी हात बसवलेला. माणूस बाहेर पडला रे पडला की दार आपोआप मिटतं, कुलूपही आपलं आपण लागतं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वासे गेले आणि दारंच फिरली. नकाशे काढणारा साहेब म्हणाला, "प्रायव्हसी मिळेल." आम्हीही माना डोलावल्या. पेढेसुद्धा वाटले, गाढवांनी!

गंगुबाईचा नवरा कुशाबा, जुना गिरणीकामगार. अंगावरनं वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. चाळीत त्याची खुर्ची गॅलरीत असायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय कुशाबा, च्या घेतलंस?" तो बोबडं का होईना, उत्तर द्यायचा. टॉवरात आला आणि बंद दाराकडं बघत बसला. हळूहळू बोलायचंच सोडलं त्यानं. म्हणून बाईनं वरवंट्यानं दार उघडं धरलेलं.

समोरचा विनीत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गंगुबाईच्या हातचं माशाचं तिखलं खाऊन वाढलेला, आता घरबसल्या कंपनीचं काम करतो. आंघोळ करून दुधाची पिशवी घ्यायला टॉवेलवरच डोकावला. गंगुबाई पॅसेजमध्ये कचऱ्याचा डबा ठेवत होती. वरवंटा बघून हा तसाच, एका पायानं आपलं दार अडवून, ओरडला.

"काकी, कितीदा सांगू? फायर डोअर आहे ते. उघडं नाय ठेवायचं."

"अरे, हे दिवसभर बंद दाराकडे बघीत बसतत. तेंनी करूचा काय?"

"टीव्ही लावून द्या ना!"

"टीव्हीतलो माणूस 'जेवलंस काय' म्हणान इचारता? वरवंट्याक हात लावलंस तर मोडून ठेवीन!"

विनीतनं दारावरचा पाय सोडला, तरातरा पुढं आला आणि वाकून वरवंटा उचलला. गंगुबाईचं दार मिटलं, धाड! ती धावली तोवर मागं विनीतचंही मिटलं, धाड!

मग आतून विनीतचा लॅपटॉप बोलला, "विनीत, कॅन यू हिअर अस?"

सेक्रेटरी एका हातात वरवंटा, दुसऱ्या हातात टॉवेलची गाठ धरून उभा. बायको अनुजा कामावर, किल्ली आत, फोन आत. आवाज ऐकून आम्ही सगळे बाहेर आलो, आपापली दारं पायानं धरून, आणि फिदीफिदी हसायला लागलो.

गंगुबाईला मात्र हसू फुटेना. "गॅसवर दूध ठेवलंय रे, चावी पण आतच! हे आत एकटे!" ती दारावर थापा मारायला लागली. "अवो, उठा! दार उघडा!"

दूध करपल्याचा वास फटीतून यायला लागला. विनीतचं तोंड पांढरंफटक. वरवंटा टाकून तोही दार बडवायला लागला, "काका! जमेल काका, या!"

आत खुर्ची सरकली. काठी आपटली. काहीतरी पडलं. पुन्हा काठी. मग कडी फिरली आणि दार उघडलं. कुशाबा चौकटीला धरून उभा, घामानं निथळलेला. गंगुबाई त्याच्या बगलेतून आत धावली, गॅस बंद केला.

कुशाबानं विनीतला डोक्यापासून टॉवेलापर्यंत न्याहाळलं. किती महिन्यांनी शब्द आले!

"विन्या... गिरणीचा दार बंद झाला, तेवा आमी पण असेच... भायर रवलंव." दम घेतला. "पण मेल्या, आमच्या अंगावर कपडे होते!"

सगळा मजला खो खो हसला. गंगुबाई आत पदरात तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी विनीतनं सुतार आणून कुशाबाच्या दारावरचा लोखंडी हात काढवला. आम्ही म्हटलं, "वा! आता आमच्या दारांचं बघ."

"अर्ज द्या," विनीत म्हणाला. "कमिटीत ठेवतो."