सासूबाई विरुद्ध संध्याकाळच्या बातम्या

ज्याच्या आवाजावर सगळ्या देशाचा विश्वास होता, त्याच्यावर त्याच्याच घरात कुणाचा काडीइतका विश्वास नव्हता. बायकोचा होता थोडाफार, मन राखण्यापुरता. पण सासूबाईंचा? नाव काढू नका!

तो रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचा. आवाज असा, की त्याने नुसता टोमॅटोचा भाव विचारला तरी भाजीवाला सरळ उभा राहायचा. गल्लीत त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे त्याला 'बातम्या'च म्हणायचे. लढाई सुरू झाल्यापासून तर बातम्यांचा भाव फारच वधारला होता, कारण लढाई आपण जिंकत होतो. रोज जिंकत होतो. एखाद्या दिवशी चुकून हरायचीसुद्धा सोय नव्हती.

बातम्या वाचून तो घरी यायचा, हातपाय धुऊन ताटावर बसायचा, की समोर सासूबाई तयारच. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर त्यांनी शब्दन् शब्द ऐकलेला असायचा. बाई बारा गावचं पाणी प्यालेल्या. मुलगी एकच, जावई लाडका, पण म्हणून काही सोडायच्या नाहीत.

"जावईबापू," त्या एकदा म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात तुम्ही पूल जिंकलात. परवा जिंकलात. आज परत जिंकलात. मधल्या काळात तो काय वाण्याकडे ठेवायला दिला होता?"

झालं! त्याने घास खाली ठेवला आणि लढाईतल्या डावपेचांच्या गोष्टी घरात बसून कळत नसतात, असं काहीसं तो बोलून गेला. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला गप्प बसणं कधी जमलंय?

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी स्वयंपाकघरातून आपल्या बातम्या सुरू केल्या. दूध उतू गेलं, तर मान ताठ करून, थेट जावयाच्या सुरात, "दुधाने ठरल्याप्रमाणे पातेल्याबाहेरच्या जागा ताब्यात घेतल्या आहेत. पातेल्यात दूध नसणे आपल्याच सोयीचे आहे." कप फुटला, तर एकाचे तीन झाल्याने आपलं संख्याबळ वाढलं. मोलकरीण आली नाही, तर ती आघाडी सरळ करायला गेली. बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायची आणि हा ताटावरून तणतणत उठायचा. आपण फक्त वाचतो, लिहीत नाही. आजवर आपला एक उच्चार चुकलेला नाही, हे तो तिला पुन्हा पुन्हा ऐकवायचा. जणू उच्चार शुद्ध असला की मजकूर आपोआप धुऊन निघतो!

खरं सांगायचं तर आतून त्यालाही कळत होतं. कार्यालयात 'माघार' हा शब्दच चालत नसे. तिथे आघाडी 'सरळ' करायचे. ती इतक्या वेळा सरळ केली होती, की एव्हाना आपल्याच जिन्यापर्यंत आली असावी. पडलो तरी नाक वर, अशातली गत. पण चांगली नोकरी होती, काचेची खोली होती, समोर लाल दिवा आणि हाताशी पाण्याचा पेला. माणूस तेवढ्यावर बरंच काही गिळतो.

घोटाळा झाला तो त्या दुधामुळे. माइकपुढे 'ठरल्याप्रमाणे' हा शब्द आला, की डोळ्यांपुढे शेगडीवरून ओघळणारं दूध यायचं, पोटातून हसू उसळायचं आणि ते दाबता दाबता आवाज किंचित हलायचा. कार्यालयात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण अहवाल लिहिणारे अहवाल ऐकत नसतात. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी पकडलं. आवाज हलला की मजकूर खोटा, असा त्यांनी निकाल देऊन टाकला आणि तो शेजारणीला सांगितला. शेजारणीला सांगितलं म्हणजे दवंडीच की! आठवड्याभरात सगळी गल्ली बातम्यांपेक्षा बातम्यांच्या घशाकडे कान लावून बसू लागली. आवाज हलला, की आता टंचाई येणार म्हणून न्हावी दुसऱ्या दिवशी साबणाच्या वड्या जास्त भरून ठेवायचा.

हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी जायची, वर हातात बेड्या पडायच्या! त्या संध्याकाळी तो ताटावर बसलाच नाही. उभ्या उभ्याच सासूबाईंना म्हणाला, "आई, आपण जिंकावं असं तुम्हाला वाटतच नाही का?"

सासूबाई आपलं ताट उचलून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बायकोने त्याला बाहेरच्या गॅलरीत नेलं आणि दबक्या आवाजात त्याची चांगली खरडपट्टी काढली.

"अहो, धाकटा त्या पुलावर आहे, हे विसरलात का? तुम्ही रोज वाचता, तुकडी पुलावर पाय रोवून उभी आहे. ते खरं असेल तर तो तिथेच उभा आहे, त्या आगीत. खोटं असेल तर पळून आलाय कुठेतरी. आई तुमच्याशी भांडत नाही हो. ती रोज त्याला तिथून पळवून आणते."

धाकटा म्हणजे त्याचा मेहुणा. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा, लग्नात जोडे लपवायला सांगितले तर स्वतःच लपून बसलेला. इतके दिवस त्या पुलाचं नाव आपण एवढ्या ऐटीत उच्चारलं आणि त्यावर तो पोरगा उभा आहे, हे एकदाही मनात आलं नाही, याची त्याला विलक्षण शरम वाटली.

त्यानंतर दोन-चार संध्याकाळी त्याने मुद्दामच आवाज थोडा हलू दिला. सासूबाई भांडल्या, पोटभर जेवल्या, घर पूर्वपदावर आलं.

मग एका संध्याकाळी साहेब स्वतः कागद घेऊन काचेच्या खोलीत आले. अहवाल त्यांच्याच सहीने निघायचे. आज त्यांचा चेहरा उजळला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, की आज आवाजात अभिमान येऊ द्या, कारण आजचा कागद खरा आहे. पुलावरच्या तुकडीच्या प्रमुखाचाच निरोप आला होता. चहूबाजूंनी वेढा पडला होता, मागे फिरायला वाट होती, तरी एकही जण फिरला नाही.

"आणि आता?" त्याने विचारलं.

"त्यानंतर तिकडून काही आलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण तेवढं वाचायचं नाही."

लाल दिवा लागला. त्याने वाचायला सुरुवात केली. इकडची आगेकूच, तिकडचा विजय, सगळं नेहमीचं, नेहमीच्या सफाईने. मग पूल आला. स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसलेली म्हातारी त्याला दिसली. पुलावरची तुकडी, त्याने वाचलं, एक पाऊलही मागे हटलेली नाही. आणि 'पाऊलही'वर तो फिसकन हसला. आवाज हलणं वेगळं. हे सरळ सरळ हसणं होतं, सगळ्या देशाला ऐकू जाईल असं. हसू येत नव्हतं, बरं का. घशाला पीळ देऊन त्याने ते ओढून काढलं होतं.

मरायला उभ्या राहिलेल्या पोरांवर आपण हसलो, हे त्याला कळत होतं. सबंध लढाईतली एकुलती एक खरी बातमी त्याने देशासमोर खोटी पाडली होती. काचेपलीकडे साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. उद्यापासून येऊ नका, बोलावलं तर मात्र लगेच या, आणि पुढे काय होईल ते आमच्या हातात नाही, असं त्यांनी सांगितलं. तो टोपी घेऊन निघाला.

गल्लीत न्हाव्याने त्याला पाहून डोळा मिचकावला. भाजीवाला हसून हसून बेजार झाला होता. पुलावर कुणी नाहीच, हे आता पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. आज त्यांनी टोमणा मारला नाही. त्याला आत घेतलं, पाटावर बसवलं आणि समोर स्वतः बसल्या. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"खोटं होतं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"साफ खोटं, आई."

"असं नको. रेडिओवर सांगता तसं सांगा."

त्याने पाठ ताठ केली. घसा साफ केला. आणि ज्या आवाजावर सगळ्या देशाचा विश्वास होता त्या आवाजात, एकही उच्चार न चुकता, जराही न हलता, त्याने सांगितलं, "पुलावरची आपली तुकडी मागे फिरली आहे. सगळे जण पळाले आहेत. पुलावर आता कोणीही नाही."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "आणखी एकदा," त्या म्हणाल्या.