मुठीतली मान

मी एक कबुतर बोलतोय. चामराजपेटेतल्या विठोजीअण्णांच्या गच्चीवर जन्मलो. जे सांगणार आहे, ते सांगताना अजूनही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अंड्यांतून आम्ही दोघे भाऊ निघालो ते डोळे मिटूनच. डोळे उघडले तर काय, सगळं जग गरगरतंय! आई घरट्यात जरा हलली की समोरची भिंत पळत सुटायची. हळूहळू कळलं, अंग एकीकडे गेलं की मान दुसरीकडे वळवायची, म्हणजे नजर जागच्या जागी राहते. कळलं खरं, पण जमायला वेळ लागतो.

अण्णांना कुठला धीर! त्यांच्या घराण्याची रीत अशी, की पिल्लाला पिसं फुटली की मुठीत धरून झुलवायचं. मान जागची हलली नाही तर पिल्लू खानदानी. भावाची मान डुलली. त्याच दिवशी खोक्यात घालून अण्णांनी त्याला शिवाजीनगरला महांतेशच्या कोंबड्या-कबुतरांच्या दुकानात देऊन टाकलं.

पुढच्या रविवारी माझी पाळी. अण्णांचे दोस्त चहा पीत बसले होते. मी जीव तोडून मान सावरली, तरी ती लटपटलीच. सगळे खो खो हसले. कुठं तोंड लपवू असं झालं मला.

“वसू, गाडी काढ,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, स्वल्प मोठं तरी होऊ द्या की त्याला!” त्यांची मुलगी वसुमती म्हणाली.

“चारचौघांत लाज गेली. चल महांतेशकडे.”

घाईत खोका सापडेना, म्हणून स्कूटरवर मागे बसून अण्णांनी मला मुठीतच धरलं. गाडीनं वेग घेतला, छातीवर वारा आदळला, आणि अंगाला वाटलं आपण उडतोय. मान आपोआप स्थिरावली. खड्ड्यांनी अण्णांची मूठ वरखाली होत होती, माझी नजर मात्र ढळेना.

वसुमतीनं आरशात पाहिलं. “अण्णा, मान बघा त्याची! उडायच्या वेळी धरतो तो मान. घरात झुलवून काय कळणार?”

अण्णांनी वाकून माझी मान पाहिली. मग हळूच म्हणाले, “आधीचं पिल्लूही घेऊन येऊ. लवकर चल.”

दुकानाशी पोचलो, तर महांतेशनं हात पुसले. “ते काल कापून दिलं की ओ, अण्णा.”

आता मी मोठा झालोय. कितीही गिरक्या घेतल्या तरी जग थरथरत नाही. अण्णा कुठल्याच पिल्लाला झुलवत नाहीत. माणसांनो, तुम्हीही पिल्लाला आधी वारा लागू द्या, मग काय ते ठरवा.

अण्णा रोज मला दोघांचे दाणे टाकतात आणि पाठ फिरवून उभे राहतात. भावाच्या वाटणीचे माझ्या घशाखाली उतरत नाहीत.